गे, पेप, व्हीडीआरएल, रिॲक्टिव्ह: हे शब्द वाचायचे कसे

लैंगिकतेबद्दलचे शब्द ऐकून डोकं गरगरतं, कारण आपण तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतो. आपल्याला कोण आवडतं ही एक, आपण स्वतःला कोण मानतो ही दुसरी आणि प्रत्यक्षात कोणाबरोबर काय केलं ही तिसरी. नवा शब्द समोर आला की आधी एवढंच बघायचं की हा या तिघांपैकी कशाबद्दल बोलतोय, निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

गे (पुरुष आवडणारा पुरुष), लेस्बियन (बाई आवडणारी बाई), बायसेक्शुअल (दोन्ही आवडणारे), असेक्शुअल हे सगळे पहिल्या गटातले, म्हणजे कोण आवडतं (किंवा कोणाबद्दलच लैंगिक आकर्षण वाटत नाही) याबद्दलचे. ट्रान्सजेंडर (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेले) आणि नॉनबायनरी (स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणारे) दुसऱ्या गटातले, म्हणून "ट्रान्स आहे म्हणजे गेच ना" या प्रश्नाला अर्थ नाही, ट्रान्स बाईला पुरुष आवडू शकतात, बायका आवडू शकतात, काहीही असू शकतं. इंटरसेक्स यातलं काहीच नाही, तो शरीराबद्दलचा शब्द आहे, जन्मतःच गुणसूत्रं किंवा अवयव ठराविक साच्यातले नसणं. मराठीत त्याला आंतरलिंगी म्हणतात. 'उभयलिंगी' दिसला तर मात्र सांभाळून, कारण कोणी तो बायसेक्शुअलसाठी लिहितं, कोणी इंटरसेक्ससाठी, आणि शाळेच्या पुस्तकात तो गांडुळाला लावलेला असतो! तृतीयपंथी हा सरकारी कागदात आणि पेपरात चालणारा शब्द. हिजडा म्हणजे गुरू-चेल्यांची परंपरा असलेला समाज, त्यांनी स्वतःला तसं म्हणणं वेगळं आणि रस्त्यावर कोणी शिवी म्हणून फेकणं वेगळं. समोरच्याला काय म्हणायचं कळत नसेल तर सरळ विचारा, कोणी खाऊन टाकत नाही.

आता तिसरा गट, म्हणजे कृतीचा, आणि आरोग्याशी खरा संबंध याचाच येतो. एचआयव्हीच्या सरकारी कागदांत 'एमएसएम' असं लिहिलेलं दिसतं, त्याचा अर्थ पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, मग तो स्वतःला गे म्हणत असो नाहीतर बायको-मुलं असलेला आणि तो शब्द तोंडातही न घेणारा असो. जंतूला तुमच्या ओळखीशी काही देणंघेणं नसतं ना. त्यामुळे डॉक्टर किंवा समुपदेशकाने विचारलं तर "मी तसला नाही" हे उत्तर निरुपयोगी आहे, काय केलं, कधी केलं, कंडोम होता का एवढं सांगा, कुठली तपासणी करायची ते त्यावरून ठरतं.

तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्र असतं, एचआयव्हीची चाचणी तिथे फुकट आणि गुप्त. जायची हिंमत होत नसेल तर आधी 1097 ला फोन करा, टोल-फ्री आहे. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमची संमती घेतल्याशिवाय चाचणी करता येत नाही आणि रिपोर्ट कोणालाही सांगत फिरता येत नाही, एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढता येत नाही.

रिपोर्टमध्ये 'नॉन-रिॲक्टिव्ह' म्हणजे काही सापडलं नाही. पण लगेच पार्टी नको, आधी विंडो पिरियड बघा. संसर्ग झाल्यावर तो चाचणीत दिसायला वेळ लागतो, शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेल्या नव्या चाचणीला साधारण दीड महिन्यापर्यंत, आणि फक्त अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) बघणाऱ्या चाचणीला तीन महिन्यांपर्यंत. परवा संबंध आले आणि आज चाचणी केली तर ती परवाबद्दल काहीच सांगत नाही. 'रिॲक्टिव्ह' आलं तरी एका चाचणीवर निकाल लागत नाही, वेगवेगळ्या प्रकारच्या चाचण्या करून खात्री करतात, त्यामुळे खाजगी लॅबचा एक कागद बघून रात्रभर रडत बसू नका, आयसीटीसीत जा. आणि एचआयव्ही म्हणजे एड्स नव्हे. एचआयव्ही हा विषाणू, उपचार न घेतल्याने प्रतिकारशक्ती फार ढासळली की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. औषधं म्हणजे एआरटी, सरकारी केंद्रात फुकट मिळतात, नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, 'अनडिटेक्टेबल' (चाचणीत दिसणार नाही इतकं कमी) राहिला तर शारीरिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे अजून कितीतरी घरांत माहीतच नाही.

व्हीडीआरएल आणि टीपीएचए या दोन्ही रक्ताच्या चाचण्या सिफिलिसच्या, म्हणजे शारीरिक संबंधातून पसरणाऱ्या एका आजाराच्या. व्हीडीआरएल कधीकधी दुसऱ्या कारणानेही पॉझिटिव्ह येते, गरोदरपणातसुद्धा, म्हणून जोडीला टीपीएचए करतात. पण टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह आली की पेनिसिलिनने बरं झाल्यावरही बहुतेकांची जन्मभर तशीच राहते, नवीन डॉक्टरला उपचाराची जुनी फाईल दाखवा नाहीतर परत पहिल्यापासून सुरू.

पेप आणि प्रेप यात तर सगळेच घोटाळा करतात. दोन्ही एचआयव्हीची लागण टाळायची औषधं, प्रेप संबंधाच्या आधी, पेप नंतर. कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, तर पेप 72 तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं, आणि 28 दिवस घ्यायचं. रात्र असली तरी मोठ्या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा, सोमवारची वाट बघू नका. प्रेप सुरू करण्याआधी एचआयव्ही नाही याची चाचणी लागते, आणि त्याने सिफिलिस, गनोरिया थांबत नाही, तिथे कंडोमच.

एचपीव्ही थोडक्यात: शारीरिक संबंधातून पसरणारा विषाणू, खूप कॉमन, बहुतेकदा आपोआप जातो, पण 16 आणि 18 हे प्रकार शरीरात टिकून राहिले तर गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो. लस आहे, पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक पण आहे. लस घेतली तरी बायकांनी ठराविक काळाने गर्भाशयमुखाची तपासणी करायचीच.

राहिले भिंतीवरचे शब्द. एसटी स्टँडजवळ 'गुप्तरोग, धातू जाणे, स्वप्नदोष, हमखास इलाज' असं रंगवलेलं असतं त्यातला स्वप्नदोष दोष नाहीच, झोपेत वीर्य जाणं नॉर्मल आहे, त्याने कमजोरी येत नाही, असल्या इलाजाने फक्त खिसा रिकामा होतो. खरे लैंगिक संसर्ग उलट बऱ्याचदा काहीच लक्षण दाखवत नाहीत, क्लॅमिडिया तर बायकांमध्ये गुपचूप बसून राहतो. पांढरं जाणंही बहुतेकदा साधं असतं, वास, खाज, रंग बदलला की दाखवा. आणि याच रांगेतला अजून एक म्हणजे 'समलैंगिकता बरी करतो' म्हणणारा. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं, आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'कन्व्हर्जन थेरपी', म्हणजे असले 'बरं करण्याचे' उपचार, हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्यामुळे घरचे असल्या डॉक्टरकडे घेऊन गेले तर प्रिस्क्रिप्शन फाडू नका, जपून ठेवा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करताना तेच कामाला येतं.