पन्नीवरचं नाव कोणाचं? बैठकीला बसण्याआधीची तयारी

हळद-मिरचीच्या धंद्यातली माझ्या वडिलांची भागीदारी मोडली तेव्हा चक्की, पोती, उधारी हे सारं एका दुपारी वाटून झालं. अडलं ते पन्नीवर, म्हणजे मालाच्या पाकिटावर, छापलेल्या नावावर. वावराच्या मधात धुरा टाकता येतो, नावाच्या मधात कुठं टाकणार? नाव गावच्या देवीचं. सुचवलं होतं भागीदार काकांनी, पहिला पैसा लावला वडिलांनी. दोघंही ‘माझंच’ म्हणत होते आणि दोघांनाही ते मनापासून खरं वाटत होतं. कागद मात्र धड कोणाकडेच नव्हते. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या घरी जे झालं ते दुसऱ्या घरी होऊ नये म्हणून, नाव कोणाकडे राहील हे ठरवायला भागीदार बैठकीला बसण्याआधी काय बघावं ते लिहिते आहे.

आधी भागीदारीचा करारनामा काढा आणि नावाबद्दल, गुडविलबद्दल (म्हणजे धंद्यानं बाजारात कमावलेल्या पतीबद्दल) त्यात एखादी ओळ आहे का ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे गुडविल फर्मच्या, म्हणजे भागीदारीतल्या धंद्याच्या, मालमत्तेत धरतात. नुसतं नाव सुचवल्यानं ते कोणा एकाचं होत नाही. भागीदारी होण्याआधीपासून एखादा एकटाच त्या नावानं माल विकत असेल तर त्याची बाजू वेगळी, पण त्यानं त्या काळातली बिलं आणायला हवीत.

फर्म निबंधकाकडे, म्हणजे फर्मची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदलेली आहे का, हेही आत्ताच बघा. नोंद नसेल तर करारातल्या हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही. फर्म मोडून हिशेब मागायची वाट तेवढी उघडी राहते.

मग जीएसटीचा कागद उजेडात धरा. पंधरा अक्षरी नंबरात तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन असतो. नंबरातलं सहावं अक्षर एफ असेल तर तो फर्मचा, पी असेल तर एका माणसाचा. आमच्याकडे पी निघालं. वडील कितीतरी वेळ त्या एका अक्षराकडे बघत बसले होते. बँकेचं खातं, काउंटरवरचा क्यूआर, अन्नपरवान्याचा चौदा अंकी नंबर आणि ग्राहक ज्यावर ऑर्डर टाकतात तो व्हॉट्सॲपचा मोबाइल नंबर, हे सगळं कोणाच्या नावावर आहे ते एका कागदावर उतरवा. गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी कोणाच्या नावावर आहे एवढ्यावरून धंद्याच्या नावाची मालकी ठरत नाही. आमच्या भागात हा गैरसमज फार आहे.

ट्रेडमार्कचा, म्हणजे मालाच्या नोंदलेल्या नावाचा, शोध सरकारी संकेतस्थळावर फुकट घेता येतो. तिथं मालाचे वर्ग पाडलेले असतात, मसाल्यासाठी वर्ग ३० बघा. भागीदारानं गुपचूप स्वतःच्या नावानं अर्ज केलेला असेल आणि तो ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आला असेल, तर हरकत घ्यायला त्या तारखेपासून चार महिने मिळतात. ती तारीख हातची जाऊ देऊ नका. नोंदणी झालीच असेल तरी घाबरू नका, कारण १९९९ च्या कायद्यात आधीपासूनच्या वापराला मान आहे. त्यासाठी पहिली पन्नी, छपाईचं पहिलं बिल, आठवडी बाजारातल्या दुकानदाराची जुनी वही, यात्रेतल्या स्टॉलचा तारखेसह फोटो, असं जे सापडेल ते जमवा. आईनं लाल तिखटाचं एक जुनं पाकीट देव्हाऱ्याखाली ठेवलेलं होतं. पॅकिंगची तारीख असलेला तो एकच पुरावा आमच्या कामी आला.

नावात ‘वायगाव हळद’ किंवा ‘भिवापुरी मिरची’ असेल तर तो भाग वाटणीतून बाजूला काढा. ती भौगोलिक मानांकनं आहेत, तिथल्या साऱ्या उत्पादकांची. कोणा एका भागीदाराची ती नव्हेत.

बैठक होईपर्यंत नवी पन्नी छापू नका आणि दुसऱ्यालाही छापू देऊ नका, तसं लेखी कळवा. फर्म मोडली तर सगळा हिशेब मिटेपर्यंत त्याच नावानं तसाच धंदा करण्यापासून भागीदार एकमेकांना रोखू शकतात. एकानं गुडविल विकत घेतलं तर मात्र नाव वापरायचा हक्क त्याचा. माझ्या मते सरळ वाट तीच आहे, एकानं नाव घ्यावं आणि दुसऱ्याला त्याचे पैसे द्यावेत. दोघांनीही थोडा फरक करून तेच नाव चालवायचं ठरवलं तर गिऱ्हाईक गोंधळतं आणि एकाच्या खराब मालाचा बोल दुसऱ्याला लागतो. बाहेर पडणाऱ्यानं फारकतीची जाहीर सूचना मराठी वर्तमानपत्रात आणि राजपत्रात द्यावी, फर्म नोंदलेली असेल तर निबंधकालाही कळवावं. तोपर्यंत बाहेरच्यांच्या देण्यात त्याचीही मान अडकलेली असते.

एक गोष्ट आम्ही साफ विसरलो होतो. पन्नी ज्या सिलिंडरवरून छापतात ते छापखान्यातच पडून असतात आणि दोघांपैकी कोणीही फोन करून माल मागवू शकतो. सिलिंडरचं बिल कोणाच्या नावावर आहे ते बघा आणि दोघांच्या सह्यांशिवाय छपाई करू नये असं पत्र बैठकीच्या आधीच छापखान्यात देऊन पोच घ्या.