मिडवेस्टमधल्या शेतकरी आजोबांचं आयुष्य कसं लिहून काढावं

शेतकरी आजोबांचं आयुष्य लिहायला बसाल, तेव्हा आठवणींपासून सुरुवात करू नका. जमिनीपासून करा. आठवणी घरातल्या प्रत्येकाच्या वेगळ्या निघतात आणि दोन बैठकींत संपतात. जमीन कुठली, किती, कुणाकडून आली, कुणाकडे गेली एवढं हाती लागलं की लोक आपणहून बोलू लागतात.

माझे आजेसासरे अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे मध्यभागातल्या शेतीच्या मुलखात, आयोवा राज्यातल्या ग्रंडी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जन्मभर मका, ओट आणि डुकरं यांवर जगले. जन्म 1911 चा. त्यांचं आयुष्य मी आधी इंग्रजीत सासरच्यांसाठी लिहिलं, आता मराठीत माहेरच्यांसाठी लिहिते आहे. माहेर परभणी जिल्ह्यातलं, घरी शेतीच, त्यामुळे सातबारा आणि फेरफार मला लहानपणापासून ओळखीचे. इथले कागद मात्र नव्याने शिकावे लागले. आपल्या कितीतरी मुली आणि मुलगे आता मिडवेस्टच्या शेतकरी घरांत नांदताहेत. त्यांच्या मुलांचे एका बाजूचे पणजोबा ट्रॅक्टरवर बसलेल्या फोटोत भेटतात, तेवढेच. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

आधी जमिनीचा पत्ता

आपल्याकडे गट नंबर असतो, तसा इथे प्रत्येक तुकड्याला पत्ता असतो. 1785 च्या कायद्याने या मुलखाची चौकोनांत मोजणी सुरू झाली. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद चौकोन म्हणजे टाउनशिप. तिचे 36 भाग, म्हणजे सेक्शन, प्रत्येकी 640 एकर. सेक्शनचा चौथा हिस्सा 160 एकर आणि त्याचा पुन्हा चौथा 40 एकर. एकर तोच आपला, चाळीस गुंठ्यांचा. सेक्शनचे आकडे ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेला सहापर्यंत जातात, खाली उतरून सात ते बारा पूर्वेला येतात, बैल तासाच्या टोकाला औत वळवतो तसे. म्हणून कागदावर ‘वायव्य चतुर्थांश, सेक्शन 14, टाउनशिप 88 उत्तर, रेंज 17 पश्चिम’ असं काही दिसलं की घाबरू नका. टाउनशिपचा आकडा उत्तर-दक्षिण जागा सांगतो, रेंजचा पूर्व-पश्चिम. नकाशावर बोट ठेवता येईल इतका तो नेमका पत्ता आहे. कर भरल्याची जुनी पावती घरात असेल तर तिच्यावर तो सापडतो.

पत्ता मिळाला की काउंटीच्या रेकॉर्डरच्या, म्हणजे दस्त नोंदणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीत जा. खरेदीखतं आणि गहाणखतं तिथे नोंदलेली असतात, आणि एकेका मालकावरून मागे मागे शोधत जाता येतं. सरकारकडून ती जमीन पहिल्यांदा कुणाला मिळाली, ते केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. इथे एक गोष्ट सांगून ठेवते. प्रत्येक घरात ‘आमच्या पूर्वजांना सरकारने 160 एकर फुकट दिले’ अशी कथा असते. 1862 च्या होमस्टेड कायद्याने तशी जमीन मिळत होती हे खरं, पण आयोवातली बरीचशी जमीन त्याआधीच विकली किंवा वाटली गेली होती. आमच्याकडे तर पैसे मोजून, कर्ज काढून घेतलेली निघाली. कथा पुसू नका, पण कागद तपासल्याशिवाय छापूही नका.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट. त्या तुकड्यावर झालेल्या प्रत्येक व्यवहाराचा गोषवारा एकाखाली एक टाचलेला असतो. आयोवात टायटल इन्शुरन्स, म्हणजे जमिनीच्या मालकीहक्काचा विमा, विकता येत नाही, त्यामुळे इथे ही पद्धत अजून जिवंत आहे आणि जुने गठ्ठे घराघरांतल्या कपाटांत पडलेले असतात. आमचा गठ्ठा एका सुताच्या पिशवीत होता, कडा तपकिरी पडलेल्या, टाइपरायटरची अक्षरं मागच्या पानापर्यंत रुतलेली. वाचताना वारसांची पानं सावकाश वाचा. बाप गेल्यावर भावाने इतरांचे हिस्से विकत घेतले की प्रत्येक बहिणीची सही असते आणि शेजारी तिच्या नवऱ्याचीही, कारण नवराबायकोचा एकमेकांच्या मिळकतीवर हक्क धरला जाई. लग्न करून नेब्रास्काला, मिनेसोटाला गेलेल्या बहिणींची सासरची नावं मला अशी एका पानावर मिळाली.

या कागदांना एक मोठी मर्यादा आहे. सातबाऱ्यावर कोण कसतो आणि काय पेरलं ते असतं, इथल्या खरेदीखतावर फक्त मालक असतो. कूळ त्यात दिसतच नाही. 1930 च्या दशकात आयोवातल्या निम्म्याच्या आसपास शेतांवर कुळंच राबत होती, आणि माझे आजेसासरेही लग्नानंतरची पहिली वर्षं दुसऱ्याच्या शेतावर होते. कुळांचा करार 1 मार्चपासून धरला जाई. त्या दिवशी बर्फाच्या चिखलातून सामान, जनावरं, कोंबड्यांची खुराडी घेऊन कितीतरी कुटुंबं एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जात. आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, तसा हा इथला दिवस. घरातल्या म्हाताऱ्यांना ‘तुम्ही कुठे कुठे राहिलात?’ असं विचारू नका. ‘कुठल्या एक मार्चला कुठल्या घरात गेलात?’ असं विचारा. माझ्या थोरल्या आतेसासूबाईंना ती घरं चुलीच्या जागेसकट आठवली.

आकाशातून आणि खानेसुमारीतून

1930 च्या दशकाच्या अखेरीस शेती खात्याने विमानातून शेतांचे फोटो काढले. आयोवाचे ते फोटो आयोवा स्टेट विद्यापीठाच्या नकाशांच्या संकेतस्थळावर आजच्या फोटोंसोबत लावून पाहता येतात. आज जिथे एकच सलग मक्याचं रान दिसतं, तिथे त्या फोटोत सहा-सात तुकडे, कुरण, फळझाडांचा चौकोन, वाऱ्याला आडवी लावलेली झाडं आणि वळणं घेत जाणारा ओढा दिसतो. तो फोटो मोठा छापून घ्या आणि टेबलावर पसरा. चुलतसासऱ्यांनी चष्मा सावरून बोट ठेवत सांगितलं, हे कोंबड्यांचं घर, ही कणसांची फटीफटींची कोठी, ही वासरांची वाट. आधी त्यांना कितीदा विचारलं होतं, तेव्हा ‘साधंच शेत होतं’ एवढंच उत्तर मिळालं होतं.

खानेसुमारी, म्हणजे जनगणनेतली घराघरांची नोंद, 72 वर्षांनी सगळ्यांना पाहायला खुली होते. 1950 ची 2022 मध्ये खुली झाली. 1930 च्या खानेसुमारीत घरात रेडिओ आहे का, असाही रकाना आहे, तो जरूर पाहा. आयोवाची स्वतःची 1925 ची खानेसुमारी तर खजिना आहे, तीत आईवडिलांची नावंसुद्धा विचारली आहेत. 1890 चं शोधण्यात वेळ घालवू नका, ते कागद जवळजवळ सगळे आगीनंतर गेले. ऑक्टोबर 1940 मध्ये सैन्यभरतीसाठी तरुणांची नोंदणी झाली, त्या कार्डाच्या मागे उंची, वजन, डोळ्यांचा आणि केसांचा रंग लिहिलेला असतो. आपले आजोबा ऐन तिशीत कसे दिसत होते, हे परक्या कारकुनाच्या हातून वाचायला मिळतं.

गावाच्या साप्ताहिकाचे जुने अंक वाचनालयात फिल्मवर असतात. त्यांत ‘अमक्यांकडे रविवारी जेवायला तमके आले होते’ अशा बातम्या येत. त्या बारीक टिपून घ्या, सोयरे आणि शेजारी त्यातूनच कळतात. आजीचं नाव मात्र तिथे नवऱ्याच्या नावानेच शोधावं लागेल. आणि आजीला या लिखाणात अर्धं पान देऊन सोडू नका. अंडी आणि मलई विकून येणारा पैसा तिचा असे, आणि भाव पडले त्या वर्षांत किराणा त्यावरच चाले. आमच्या आजेसासूबाईंच्या वहीत अंड्यांचे डझन आहेत, शेजारी साखर, केरोसीन, मुलांचे बूट. नवऱ्याच्या जमाखर्चात नुकसान दिसतं त्याच महिन्यांत घर कसं उभं राहिलं, ते या वहीत दिसतं.

हातात वस्तू देऊन विचारा

बियाण्याच्या कंपन्या शेतकऱ्यांना खिशातल्या छोट्या वह्या वाटत. ओव्हरऑलच्या छातीच्या खिशात ती वही आणि पेन्सिलीचा तुकडा असायचाच. आमच्याकडच्या एका वहीच्या पानावर पेरणीची तारीख आहे, खाली पावसाचा आकडा, खाली डुकरिणीला किती पिल्लं झाली ते, आणि एका कोपऱ्यात फक्त ‘आई गेली’. त्या पानावर दुसरं काही नाही. अशी पानं जशीच्या तशी छापा, भोवती आपली वाक्यं रचू नका.

वस्तूंचंही तसंच. कणसं हाताने सोलायचे तेव्हा तळहातावर चामड्याच्या पट्ट्यात लोखंडी आकडा बांधत. आकड्याने पाला फाडायचा, मनगट वळवून कणीस मोडायचं आणि न बघता गाडीत फेकायचं. गाडीच्या पलीकडच्या बाजूला उंच फळी असे, तिच्यावर आपटून कणीस आत पडे. चांगला हात दिवसाला शंभर बुशेल (बुशेल हे इथलं धान्याचं माप) काढी. तो आकडा आमच्या सासऱ्यांच्या हातात दिला, तर त्यांनी काही न बोलता तो उजव्या हाताला बांधला आणि मनगट आपोआप वळलं. मग बोलणं सुरू झालं: नोव्हेंबरमधले गारठलेले हात, घोडे मालकाच्या हाकेवर पुढे सरकत ते, त्या घोड्यांची नावं. ‘तेव्हा कसं वाटायचं?’ या प्रश्नाला शेतकरी माणूस उत्तर देत नाही. दूध कोण काढायचं, मळणीला कुणाकुणाच्या घरची माणसं यायची आणि त्या दिवशी जेवायला काय असायचं, वीज आली त्या संध्याकाळी पहिला दिवा कुठल्या खोलीत लागला, हे विचारा. 1935 मध्ये ग्रामीण विजेचं सरकारी काम सुरू झालं तेव्हा देशातल्या दहा शेतांपैकी जेमतेम एकावर वीज होती, त्यामुळे हा प्रसंग बहुतेक घरांत कुणाला तरी लख्ख आठवतो.

भाषेचंही विचारा. ग्रंडी काउंटीत जर्मनीतल्या पूर्व फ्रिजियातून आलेली घरं पुष्कळ. आमच्याकडे कडक चहात खडीसाखर टाकायची रीत तिथली. पण मे 1918 मध्ये आयोवाच्या गव्हर्नर हार्डिंग यांनी सार्वजनिक ठिकाणी, शाळेत, प्रार्थनेत, अगदी टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायला बंदी घातली. आजेसासरे तेव्हा सात वर्षांचे. पुढे त्यांनी मुलांना ती बोली शिकवली नाही. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही, फक्त दोन्ही गोष्टी शेजारी लिहिल्या आहेत.

वाईट वर्षं

काही वर्षांबद्दल आधीच माहिती काढून जा. 1932 च्या सुमारास मक्याचा भाव इतका पडला की काही घरांत कोळशाऐवजी कणसंच जाळली. जप्तीच्या लिलावात शेजारी एकत्र येऊन अगदी काही सेंटांची बोली लावत आणि वस्तू मालकाला परत करत. 1936 मध्ये हाडं गोठवणारा हिवाळा आणि रान जाळणारा उन्हाळा एकाच वर्षात आले. 11 नोव्हेंबर 1940 चं हिमवादळ सकाळच्या उबदार हवेनंतर आलं. हे माहीत असलं की ‘त्या वर्षी’ म्हणजे कुठल्या वर्षी, ते तुम्हाला कळतं.

1980 च्या दशकाबद्दल मात्र जपून. आयोवात शेतजमिनीचा सरासरी भाव 1981 मध्ये एकरी 2,147 डॉलर होता, 1986 मध्ये 787 वर आला. चढ्या भावावर कर्ज घेतलेल्यांची शेतं गेली, आमच्या धाकट्या चुलतसासऱ्यांचंही गेलं. हा विषय जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर काढू नका. एकट्या माणसाला गाडीत शेजारी बसवून विचारा. नजर रस्त्यावर असली की बोलणं सोपं जातं. आवाज टिपणारा रेकॉर्डर त्यांना विचारूनच चालू करा, आणि ‘हे लिहू नकोस’ म्हणाले तर लिहू नका. लिलावाची जाहिरात साप्ताहिकात असते आणि तिच्यात नांगरापासून दुधाच्या कॅनपर्यंत प्रत्येक वस्तूची यादी असते. ती नुसती छापली तरी पुरते.

लिहिताना

जन्मापासून सुरुवात करून मरणापर्यंत जाऊ नका. आधी एक सबंध वर्ष लिहा, मार्च ते फेब्रुवारी: ओटाची पेरणी, मक्याची पेरणी, तीनदा कोळपणी, वाळलेलं गवत भरणं, मळणी, कणसं काढणं, डुकरं बाजारात, हिवाळ्यात औजारांची दुरुस्ती. आमच्याकडे मी 1938 घेतलं, कारण त्या वर्षाची वही पुरी होती. एक वर्ष उभं राहिलं की बाकीचं आयुष्य त्यापेक्षा वेगळं काय झालं, एवढंच सांगावं लागतं: घोडे कधी गेले, संकरित बियाणं कधी आलं, ओट आणि कुरण जाऊन सोयाबीन कधी आलं.

मराठीत लिहिणार असाल तर मापं बदलून द्या. मक्याचा बुशेल 56 पौंडांचा, म्हणजे साधारण 25 किलो, चार बुशेलचा एक क्विंटल. आजेसासऱ्यांच्या तरुणपणी एकरी 40 बुशेल म्हणजे दहा क्विंटल चांगलं पीक होतं, आज तिथेच पन्नास निघतं. परभणीत माझ्या भावाला हा आकडा वाचून पहिला प्रश्न पडला तो पाण्याचा. आयोवातल्या या शेतांना विहीर नाही, कालवा नाही, सगळं पावसावर, आणि खाली काळी खोल माती. ते वेगळं लिहावं लागलं.

प्रत्येक वाक्य कुणी सांगितलं, ते समासात नावानिशी आणि तारखेनिशी नोंदवा. पहिला ट्रॅक्टर कधी आला, यावर आमच्या दोन्ही आतेसासूबाईंचं अजून जमत नाही. थोरल्या म्हणतात युद्धाच्या आधी, धाकट्या म्हणतात मी शाळेत जायला लागले त्यानंतर. खरेदीची पावती सापडेपर्यंत दोघींचं म्हणणं एकाखाली एक तसंच ठेवलं आहे.