झाडावरचं बाशिंग: ओळख पटवण्यापासून वर्णन लिहिण्यापर्यंत

महाबळेश्वर, बामणोली किंवा कोयनेकडच्या गावात जुन्या आंब्याच्या फांदीला वाळकी, तपकिरी पानं चिकटलेली दिसतात आणि त्यांच्यातून हिरवी, कापलेली लांब पानं बाहेर आलेली असतात. हे बाशिंग, म्हणजे ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया, पॉलिपोडिएसी कुळातलं नेचं. गावात याला कुणी बांडगूळही म्हणतं, पण बांडगूळ झाडाचा रस ओढतं आणि बाशिंग झाडावर फक्त बसतं. ते खडकावरही वाढतं, यावरूनच काय ते समजावं.

नवशिक्याची पहिली चूक ठरलेली असते: सुंदर हिरवं पान तोडून आणायचं आणि बाकी सगळं झाडावर ठेवायचं. ओळख मात्र त्या बाकीतच असते. तीन गोष्टी हातात हव्यात: रायझोमचा, म्हणजे फांदीला चिकटून वाढणाऱ्या आडव्या खोडाचा, 5 ते 10 सेंमीचा तुकडा, एक तपकिरी घरट्याचं पान, आणि मागे सोरस (बीजाणूंच्या पिशव्यांचे ठिपके) असलेलं एक पूर्ण हिरवं पान, देठाच्या तळापासून. तपकिरी पान मेलेलं समजून झटकून टाकू नका. ते बिनदेठाचं असतं, कायम टिकतं आणि पालापाचोळा, माती, ओलावा धरून ठेवतं. बाशिंगाला खत मिळतं ते तिथूनच. त्याचा काठ उथळ कापलेला असतो, मध्यशिरेपर्यंत निम्माही पोहोचत नाही. क्वेर्सिफोलिया म्हणजे ओकच्या पानाचं, ते नाव याच पानामुळे शोभतं. पाचगणीतल्या सिल्व्हर ओकशी मात्र तुलना करू नका. तो खरा ओकच नाही.

हिरव्या पानाला देठ असतो. ते मीटरभरापर्यंत वाढतं आणि मध्यशिरेजवळ अरुंद पट्टी उरेल इतकं खोल कापलेलं असतं. त्याचे खंड सांध्यावर सुटून गळतात. उन्हाळ्यात नुसत्या काड्या उभ्या दिसल्या तर बाशिंग रोगट आहे असं लिहू नका.

आता पान उलटं करा. खरा निर्णय इथे होतो. बाशिंगाचे सोरस गोल, उघडे, वर कसलंही झाकण नसलेले असतात आणि लगतच्या दोन मुख्य बाजूच्या शिरांमध्ये त्यांच्या दोन नीट रांगा असतात. हेच सोरस रांगा न धरता अस्ताव्यस्त विखुरलेले असतील तर ती ड्रायनेरिया स्पार्सिसोरा. महाबळेश्वरच्या झाडांवर आणखी दोन नेची भेटतात. मायक्रोसोरम मेम्ब्रेनेसियमचं पान अखंड, पातळ, मोठं, सोरस विखुरलेले. लेपिसोरस न्यूडसचं पान अरुंद, अखंड. मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना सोरसची एकेक रांग. लेपिसोरसचे कोवळे सोरस छत्रीसारख्या खवल्यांनी झाकलेले असतात. त्यांना इंडुझियम (सोरसवरचं खरं झाकण) समजलं की ओळख पटवायच्या किल्लीत पहिल्याच पायरीला वाट चुकते आणि भलत्या कुळात जाऊन पोहोचता. बाशिंगाच्या लहान रोपाची पानंही अखंड असू शकतात, म्हणून सोरस नसलेल्या रोपावर निर्णय देऊच नये.

रायझोमवरचे खवले चिमट्याने अलगद काढा, पाण्याच्या थेंबात ठेवून आधी 10 पट भिंगाने आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. खवला कुठून जोडलेला आहे, तळाशी की मधोमध, आणि त्याचा काठ कसा आहे, हे लिहा. ओढून काढला तर जोडाची जागा फाटते आणि पाहण्यासारखं काहीच उरत नाही.

मापं जागेवरच घ्या, कारण वाळल्यावर सगळंच आक्रसतं. निदान तीन-चार झाडांची मिळून दहा पानं मोजा आणि लहानात लहान ते मोठ्यात मोठं असा पल्ला द्या. एकच भव्य पान मोजून 'पान 1 मीटर' लिहिलेलं वर्णन पुढच्या माणसाला फसवतं. वहीत आश्रयवृक्ष, जमिनीपासूनची उंची, ऊन-सावली, तारीख आणि जीपीएस हवंच. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही तोडू नये. कोयना आणि चांदोली दोन्ही सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात. परवानगी नसेल तर गावातल्या आंब्यावरून, मालकाला विचारून घ्या.

वाळवलेला नमुना चिकटवायचा कागद (शीट) साधारण 42 × 28 सेंमीचा असतो, म्हणून पान इंग्रजी व्ही किंवा एनच्या आकारात दुमडावं लागतं, आणि काही खंड तरी सोरस वर येतील असे उलटे ठेवावे लागतात. मांसल रायझोम उभा चिरून दाबा. अखंड ठेवलात तर आत ओल राहते, बुरशी येते, शेजारचं पानही जातं. पहिले चार-पाच दिवस वर्तमानपत्राचे कागद रोज बदला. पावसाळ्यात महाबळेश्वरला सकाळ-संध्याकाळ बदलले तरी कमीच, तिथे उबदार हवा लागतेच. गळलेले खंड टाकू नका, कागदाच्या पुडीत घालून शीटलाच लावा. कीड लागू नये म्हणून जुन्या पद्धतीत मर्क्युरिक क्लोराइड वापरत. ते विषारी आहे, हात लावू नका. नमुना घट्ट पिशवीत घालून काही दिवस खोल गोठवणं पुरतं.

बीजाणूंसाठी पिकलेल्या सोरसचा खंड पांढऱ्या कागदात दुमडून एक-दोन दिवस कोरड्या जागी ठेवा. खाली पडलेली भुकटी ग्लिसरीनमध्ये पाहिली की घेवड्याच्या दाण्यासारखे, अंगावर एकच रेघ असलेले बीजाणू दिसतात. कागदावर नुसत्या रिकाम्या पिशव्या पडल्या तर खंड जुना होता. त्याच झाडाचं थोडं कमी पिकलेलं पान घ्या.

वर्णनाचा क्रम ठरलेला ठेवा: राहणी, रायझोम, खवले, घरट्याचं पान, देठ, हिरवं पान, शिरा, सोरस, बीजाणू. शिरांच्या जाळ्यात घरं आहेत का आणि त्यांत मोकळी टोकं आहेत का, हे बहुतेक जण विसरतात. पान उजेडासमोर धरा म्हणजे दिसेल.

नावाबाबत एक गोष्ट. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने 1753 मध्ये याला पॉलिपोडियम म्हटलं होतं, नंतर ते ड्रायनेरियात गेलं, आणि अलीकडच्या काही कामांत ते अॅग्लेओमॉर्फा क्वेर्सिफोलिया म्हणून येतं. म्हणून शीटवर नावाशेजारी कुठल्या पुस्तकाच्या आधारे ओळखलं ते लिहा, आणि पुढे नाव बदललं तर नवी चिठ्ठी बाजूला चिकटवा. जुनी काढू नका.