टाइप्ड एपीआय क्लायंट जनरेट करायला शिकताना: आधी स्पेक वाचा

पहिल्या नोकरीतलं माझं पहिलं खरं काम म्हणजे ऑर्डरची यादी दाखवणारं एक पान. बॅकएंडच्या टीमने एक लांबलचक यॅमल फाइल पाठवली आणि सांगितलं, "ही ओपनएपीआय स्पेक. यातून क्लायंट जनरेट करून घे." एपीआय म्हणजे सर्व्हरशी बोलायची ठरलेली पद्धत, स्पेक म्हणजे तिचं लेखी वर्णन आणि क्लायंट म्हणजे आपल्या बाजूने तिला हाक मारणारा कोड. कमांड चालवली आणि काही सेकंदांत फोल्डरभर टाइपस्क्रिप्ट फाइली तयार. प्रत्येक एंडपॉइंटसाठी (सर्व्हरला करता येणाऱ्या एका विनंतीसाठी) एक फंक्शन, प्रत्येक स्कीमासाठी (डेटाच्या एका रचनेसाठी) एक टाइप. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हेच सगळं मी हाताने लिहिलं होतं: यूआरएल जोडा, फेच करा, रिस्पॉन्सला अंदाजाने टाइप द्या आणि फील्डचं स्पेलिंग चुकलं की अर्धा दिवस शोधत बसा. ते सगळं एका कमांडने सुटलं, याचा मला फार आनंद झाला होता.

तो आनंद खराच होता. फक्त एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. जनरेटर स्पेकमध्ये लिहिलंय तेवढंच खरं मानतो. सर्व्हर प्रत्यक्षात काय पाठवतो, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. त्यामुळे या कामातलं खरं कौशल्य कमांड चालवण्यात कमी आणि स्पेक वाचण्यात जास्त आहे. नव्याने शिकणाऱ्यांसाठी हे लिहितेय ते एवढ्यासाठीच.

त्या ऑर्डरच्या पानावर काय झालं ते सविस्तर सांगते. ऑर्डरच्या स्कीमात अकरा फील्ड होती: आयडी, क्रमांक, एकूण रक्कम, स्थिती, डिलिव्हरीची तारीख वगैरे. जनरेट झालेल्या टाइपमध्ये अकराच्या अकरा फील्डपुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे प्रत्येक फील्ड असेल किंवा नसेल. कंपायलर ओळीओळीला अडवायचा: हे अनडिफाइन्ड असू शकतं. मला वाटलं, टूलच जरा जास्त काळजी घेतंय. म्हणून जिथे जिथे लाल रेघ दिसली तिथे उद्गारचिन्ह टाकत गेले. टाइपस्क्रिप्टमध्ये त्या उद्गारचिन्हाचा अर्थ "किंमत नक्की आहे, माझ्यावर विश्वास ठेव" असा होतो. लाल रेघा गेल्या, पान चाललं. दोन दिवसांनी एक रद्द झालेली ऑर्डर यादीत आली आणि अख्खं पान कोरं पडलं. रद्द झालेल्या ऑर्डरला डिलिव्हरीची तारीखच नव्हती.

आमचे वरिष्ठ सहकारी शेजारी येऊन बसले. त्यांनी माझा कोड उघडलाच नाही, थेट यॅमल फाइल उघडली. "यातली कुठली फील्ड कायम येतात, हे बॅकएंडला विचारलंस का?" विचारलं नव्हतं. मग त्यांनी दाखवलं की स्कीमात 'रिक्वायर्ड' नावाची यादीच नाही. नियम असा आहे की त्या यादीत नाव नसलेलं प्रत्येक फील्ड ऐच्छिक. बॅकएंडच्या माणसाने यादी लिहिली नव्हती, म्हणून जनरेटरने प्रामाणिकपणे अकराही फील्ड ऐच्छिक केली होती. आम्ही बॅकएंडला विचारलं. नऊ फील्ड कायम येतात, डिलिव्हरीची तारीख कधीकधी नसते, आणि शेरा कायम येतो पण नल (म्हणजे मुद्दाम रिकामा) असू शकतो. म्हणजे तोही यादीत, शिवाय त्याला नल चालतं असं वेगळं लिहायचं. स्पेकमध्ये दहा नावांची यादी घातली, शेऱ्याचा टाइप सुधारला, क्लायंट पुन्हा जनरेट केला आणि मी टाकलेली सगळी उद्गारचिन्हं काढून टाकली. कंपायलरच्या तक्रारी उरल्या फक्त दोन ठिकाणी. दोन्ही ठिकाणी खरोखरच बग होता.

त्या दिवसापासून उद्गारचिन्ह टाकायला हात गेला की मी थांबते आणि स्पेक उघडते.

"नसणं" आणि "नल असणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तेव्हाच शिकले. स्पेकच्या आवृत्तीनुसार त्या लिहायची पद्धतही बदलते. ३.० मध्ये 'नलेबल: ट्रू' लिहितात. २०२१ साली आलेल्या ३.१ मध्ये ते काढून टाकलं, तिथे टाइपच्या यादीतच नल लिहायचं. म्हणून फाइलच्या सुरुवातीलाच दिलेली आवृत्ती आधी पाहा. इंटरनेटवर उत्तरं शोधताना तर हे लागतंच, कारण जुनी उत्तरं स्वॅगरच्या नावाने सापडतात. ही स्पेक मुळात स्वॅगर याच नावाने ओळखली जायची. २०१५ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली आणि २०१६ पासून ओपनएपीआय झाली. टूलचंही तसंच: २०१८ मध्ये स्वॅगर कोडजेनपासून फुटून ओपनएपीआय जनरेटर वेगळा झाला. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की ऑप्शनची नावं जुळत नाहीत.

दुसरा प्रसंग आयडीचा. एका सेवेचे आयडी ६४ बिटी पूर्णांक होते आणि स्पेकमध्ये तसंच लिहिलेलं होतं. टाइपस्क्रिप्टमध्ये त्याचा टाइप झाला नंबर. जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक बिनचूक सांभाळतो. सर्व्हरने ९००७१९९२५४७४०९९३ पाठवला तर जेसन (सर्व्हरकडून मजकूर म्हणून येणारा डेटा) वाचतानाच त्याचा ९००७१९९२५४७४०९९२ होतो. एरर येत नाही, टाइपही बरोबर दिसतो, आणि तपशिलाच्या पानावर भलतीच नोंद उघडते किंवा "सापडलं नाही" असं येतं. यावर क्लायंटच्या बाजूने काही करण्यात अर्थ नाही. असा आयडी स्पेकमध्ये आणि सर्व्हरवर स्ट्रिंगच असायला हवा. प्रोटोबफ हा डेटा पाठवायचा आणखी एक प्रकार, त्याच्या जेसन मांडणीत तर ६४ बिटी पूर्णांक मुद्दामच स्ट्रिंग म्हणून लिहितात.

तारखांचं तेवढं गंभीर नाही, पण माहीत असू द्या. एकाच स्पेकमधून टाइपस्क्रिप्ट-फेच हा जनरेटर तारखेचा डेट ऑब्जेक्ट करून देतो आणि टाइपस्क्रिप्ट-ॲक्सिऑस ती स्ट्रिंगच ठेवतो. जनरेटर बदलताना इथे तुटतं.

फंक्शनच्या नावांबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचंय. नाव येतं स्पेकमध्ये प्रत्येक एंडपॉइंटला दिलेल्या ऑपरेशन-आयडीवरून. तो ऐच्छिक असल्यामुळे पुष्कळदा लिहिलेलाच नसतो. मग टूल पाथ आणि मेथड जोडून 'ऑर्डर्सआयडीगेट' असलं काहीतरी बनवतं. फास्टएपीआयसारखं फ्रेमवर्क स्वतःच आयडी तयार करतं, तर तिथे 'रीड_आयटम्स_आयटम्स__गेट' अशी नावं दिसतात. चालतात, पण वाचणाऱ्याला त्रास होतो. शिवाय पाथ बदलला की नावही बदलतं आणि क्लायंट वापरणारा सगळा कोड मोडतो. प्रत्येक ऑपरेशनला हाताने दिलेला, न बदलणारा आयडी हवा. नवख्या माणसाला बॅकएंडच्या रेपॉझिटरीत पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल कोडमध्ये घ्यायची विनंती) टाकायची असेल, तर यासारखं काम नाही. धोका कमी, उपयोग सगळ्यांना, आणि हे करताना प्रत्येक एंडपॉइंट काय करतो ते वाचून होतं. माझी बॅकएंडच्या लोकांशी खरी ओळख अशाच पुल रिक्वेस्टवरच्या चर्चेतून झाली.

जनरेट केलेल्या फाइलीत हाताने बदल करू नका. मी एकदा एका फंक्शनमध्ये टाइमआउट घातला होता. पुढच्या आठवड्यात कोणीतरी क्लायंट पुन्हा जनरेट केला आणि तो गेला. असं काही हवं असेल तर त्या क्लायंटभोवती आपला एक पातळ थर लिहा. टोकन लावणं, टाइमआउट, पुन्हा प्रयत्न करणं हे सगळं तिथे. बाकीच्या ॲप्लिकेशनने जनरेट केलेल्या फोल्डरमधून थेट काही इम्पोर्ट करू नये. फार अडलंच तर ओपनएपीआय जनरेटरचे मस्टॅश टेम्प्लेट (कोड ज्यांतून तयार होतो ते साचे) बदलता येतात, पण मग ते टेम्प्लेट दर नव्या आवृत्तीला सांभाळत बसावे लागतात. मी ते टाळते.

टाइपस्क्रिप्टवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. टाइप कंपाइल होताना पुसले जातात. सर्व्हरने आकड्याऐवजी स्ट्रिंग पाठवली तर चालत्या प्रोग्रॅममध्ये कोणी अडवणार नाही. जिथे चूक महागात पडेल, उदाहरणार्थ रक्कम, तिथे झॉडसारख्या लायब्ररीने रिस्पॉन्स तपासून घ्या. ओर्व्हालसारखी टूल्स ते स्कीमाही स्पेकमधूनच जनरेट करून देतात. जावा किंवा कॉटलिनमध्ये नेमकं उलट होऊ शकतं. स्थितीच्या इनममध्ये (ठरलेल्या किमतींच्या यादीत) सर्व्हरने नवी किंमत वाढवली की जुना क्लायंट ती वाचतानाच अपवाद फेकू शकतो. मोबाइल ॲपची जुनी आवृत्ती लोकांच्या फोनवर तशीच राहते, म्हणून अनोळखी किमतीसाठी जागा पहिल्या दिवसापासून ठेवा.

कुठलं टूल घ्यावं, हा प्रश्न नवे लोक सगळ्यात आधी विचारतात, आणि मला तो सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. फक्त टाइपस्क्रिप्ट असेल तर ओपनएपीआय-टाइपस्क्रिप्टपासून सुरुवात करा. ते फक्त टाइप लिहितं, चालणारा कोड शून्य, त्यामुळे काय घडतंय ते समजतं. अनेक भाषांमध्ये क्लायंट लागत असतील तर ओपनएपीआय जनरेटर. जे घ्याल त्याची आवृत्ती मात्र पक्की बांधून ठेवा. नाहीतर दोघांच्या मशीनवर दोन वेगळे क्लायंट तयार होतात आणि पुल रिक्वेस्टमध्ये शेकडो ओळींचा निरर्थक फरक दिसतो. आम्ही जनरेट केलेला कोड गिटमध्ये ठेवतो आणि सीआयमध्ये (दर बदलाला आपोआप चालणाऱ्या तपासणीत) तो पुन्हा जनरेट करून पाहतो. फरक आला तर बिल्ड लाल. यामुळे स्पेक बदलली पण क्लायंट जुनाच राहिला असं होत नाही, आणि एपीआयमध्ये नेमकं काय बदललं ते रिव्ह्यू करणाऱ्याला समोर दिसतं.

नवी स्पेक हातात आली की आजही कमांड चालवण्याआधी मी अर्धा तास नुसती वाचते. आवृत्ती. सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या दोन-तीन स्कीमांमध्ये रिक्वायर्डची यादी आहे का. आयडीचे टाइप. ऑपरेशन-आयडी. शेवटी एरर: बऱ्याच स्पेकमध्ये २०० चा (सगळं ठीक झाल्याचा) रिस्पॉन्स नीट लिहिलेला असतो आणि ४०० किंवा ४२२ चा (पाठवलेल्या माहितीत चूक असल्याचा) स्कीमाच नसतो. मग फॉर्म भरताना वापरणाऱ्याने चूक केली तर ती कुठल्या फील्डमध्ये झाली, हे टाइपवरून कळायला मार्ग राहत नाही. तो स्कीमा दिसला नाही की पहिला मेसेज बॅकएंडला जातो: "४२२ ला तुम्ही नक्की काय पाठवता? एक खरा रिस्पॉन्स द्या, स्पेकमध्ये मी लिहिते."