मरीन टँकचा नायट्रेट उतरत नाहीये? आधी बादलीतलं पाणी तपासा

मरीन टँकचं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या फिश टँकचं, पाणी दर आठवड्याला बदलूनही नायट्रेट (माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून साठत जाणारा क्षार) खाली येत नाही म्हणून बरेच जण सरळ केमिकलची बाटली आणून ओततात, प्लीज तसं करू नका. आधी मीठ घालायच्या अगोदरचं पाणी टेस्ट करा. आमच्याकडे कोथरूडला गुरुवारी पाणी बंद असलं की सोसायटीत टँकर येतो, त्यात बरेचदा बोअरचं पाणी असतं आणि बोअरच्या पाण्यात नायट्रेट असू शकतो. घरी आरओ आहे ना मग कसली काळजी, असं मलाही वाटायचं, पण पिण्याच्या आरओला बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. माझ्या बादलीतच २० पीपीएम (लिटरमागे २० मिलिग्रॅम) नायट्रेट निघाला!

आता हिशोब बघा. टँक ८० ला आहे, २० टक्के पाणी बदललं, तर शून्यवाल्या पाण्याने ६४ होतो आणि माझ्या त्या पाण्याने ६८. आणि कितीही वेळा बदला, २० च्या खाली जाणारच नाही. म्हणून कंट्रोलर बंद करा, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार ओढून घेणारे दाणे) लावा, मीटरवर टीडीएस ० यायला हवा, आणि कॅन बुधवारीच भरून ठेवा.

टेस्ट किटमध्ये हलवायला सांगितलेली बाटली खरंच अर्धा मिनिट जोरात हलवा, तळाशी बसलेली पावडर मिसळली नाही तर रीडिंग खोटं कमी येतं. नवीन टँकमध्ये नायट्राइट (नायट्रेट बनायच्या आधीची पायरी) असेल तर उलट जास्त दाखवतं.

मग बाकीचं. फ्रोझन मायसिस (माशांना घालायची गोठवलेली बारीक कोळंबी) गाळणीत धुऊन घाला, फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) दर तीन-चार दिवसांनी बदला, त्यात अडकलेली घाण तिथेच कुजते. सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) जागा असेल तर कीटो (कीटोमॉर्फा) शेवाळ लावा, रात्री लाईट द्या आणि वाढलं की मूठभर काढून टाका, कारण नायट्रेट त्या काढलेल्या शेवाळासोबतच बाहेर जातो. व्होडका डोसिंग (नायट्रेट वापरणारे बॅक्टेरिया वाढावेत म्हणून टँकमध्ये व्होडका घालणं) स्किमर (फेसासोबत घाण बाहेर काढणारं यंत्र) चांगला असेल तरच, थेंबाथेंबाने, नाहीतर बॅक्टेरिया एकदम वाढून ऑक्सिजन पडतो आणि मासे वर येऊन धापा टाकतात.

नुसते मासे असतील तर २०-३० चालतो, कोरल असतील तर मी ५-१० धरतो. शून्याच्या मागे लागू नका, कोरल फिके पडतात. आणि ८० वरून १० ला दोन दिवसांत आणू नका, महिना-दीड महिना लागू दे.