पीटेड सिंगल माल्टचा आस्वाद घेताना या चुका टाळा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या आयला बेटावर लाफ्रॉइग, लागावुलिन आणि आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्या एकाच किनारी रस्त्यावर, एकमेकींपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. तरीही तिघींच्या व्हिस्कीतला धूर वेगवेगळा आहे. पीटेड सिंगल माल्टकडे, म्हणजे पीटच्या धुरावर वाळवलेल्या जवाच्या, एकाच डिस्टिलरीत बनलेल्या व्हिस्कीकडे, नव्याने वळलेल्या रसिकाच्या हातून हा फरक बहुधा निसटतो, कारण धूर किती आहे एवढेच तो पाहतो आणि तो कशा जातीचा आहे, त्याच्या आड आणखी कोणते स्वाद आहेत, हे तपासायचे राहून जाते.

या सवयीतून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग) आकड्यावरून व्हिस्की निवडणे. मोड आलेले ओलसर जव वाळवताना पीट जाळतात, म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर कापून, वाळवून तो इंधन म्हणून वापरतात, आणि त्या धुरातील फिनॉल ही वास देणारी संयुगे दाण्याच्या ओल्या टरफलाला चिकटतात. सांगितला जाणारा आकडा या वाळवलेल्या माल्टमधील फिनॉलचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. पुढे दळलेल्या माल्टचा अर्क काढताना काही फिनॉल चोथ्याबरोबर जातात, काही ऊर्ध्वपातनात मागे राहतात आणि काही पिंपातील वर्षांमध्ये ओसरतात. ब्रुकलॅडी डिस्टिलरीच्या ऑक्टोमोर 8.3 या आवृत्तीसाठी वापरलेल्या माल्टचा आकडा 309.1 पीपीएम होता, म्हणजे लाफ्रॉइगच्या माल्टच्या जवळजवळ सातपट. परंतु उंच, अरुंद मानेच्या भांड्यांतून सावकाश काढलेल्या त्या व्हिस्कीत धूर सातपट जाणवत नाही.

याहून बोलके उदाहरण लागावुलिन आणि आयलावरच्याच कूल ईला या डिस्टिलऱ्यांचे आहे. दोघींना माल्ट पोर्ट एलन येथील एकाच कारखान्यातून येतो आणि त्याचा आकडाही सारखाच, सुमारे 35 पीपीएम असतो. असे असूनही लागावुलिन दाट, गोडसर आणि भारदस्त लागते, तर कूल ईला हलकी, किंचित तेलकट आणि लिंबाच्या सालीची आठवण करून देणारी. लागावुलिनची नासपतीच्या आकाराची तांब्याची भांडी जवळजवळ काठोकाठ भरतात, त्यामुळे वाफेचा तांब्याशी संपर्क कमी येतो. कूल ईलामध्ये हा संपर्क जास्त मिळतो आणि तांबे जड घटक काढून टाकते. शिवाय ऊर्ध्वपातनातून येणारी धार कुठे तोडायची, म्हणजे तिचा कोणता भाग ठेवायचा, हा निर्णय असतोच. आपल्याकडे कौतुक पहिल्या धारेचे होते, पण फिनॉल उशिराच्या धारेत उतरतात, आणि म्हणून लाफ्रॉइगमध्ये सुरुवातीची सुमारे 45 मिनिटांची धार बाजूला ठेवून नंतर बराच वेळ धार घेत राहतात. फळांसारखे गोड गंध त्यात कमी होतात आणि औषधी स्वभाव पुढे येतो. पीटेड माल्ट खरोखर समजून घ्यायची असेल, तर लागावुलिन आणि कूल ईला शेजारी शेजारी ठेवून चाखण्यासारखा दुसरा धडा नाही असे माझे मत आहे.

या औषधी गंधामुळेच अनेकांचा पहिला अनुभव फसतो. टिंक्चर आयोडीन किंवा जंतुनाशकाचा वास आला म्हणून बाटली खराब किंवा भेसळीची ठरवू नये. क्रेसॉलसारखे फिनॉल असाच वास देतात आणि तो त्या व्हिस्कीचा मूळ गुण आहे. मात्र सुरुवात लाफ्रॉइगने करण्याचा हट्ट सोडावा. बोमोर 12 किंवा टॅलिस्कर 10 (आकडा पिंपातील वर्षांचा) यांच्यात धूर स्पष्ट असूनही फळे, मध आणि मिरी यांना जागा मिळते, आणि ऑर्कने बेटांवरील हायलंड पार्कमध्ये तेथील हेदर झुडपांनी भरलेल्या पीटचा सौम्य, सुगंधी धूर भेटतो. टॅलिस्कर स्काय बेटावरची आहे, तर आयलावरच्याच बुनाहाव्हनची नेहमीची व्हिस्की पीटशिवाय बनते. त्यामुळे ‘आयला म्हणजे धूर आणि धूर म्हणजे आयला’ हे समीकरणही मनातून काढून टाकावे.

वय जितके जास्त तितकी व्हिस्की श्रेष्ठ, हा समज पीटेड माल्टच्या बाबतीत विशेष दिशाभूल करतो. पिंपात धूर मावळत जातो आणि लाकडाचे स्वाद वाढतात, त्यामुळे धुराचा ताजा, धारदार बाज हवा असेल तर लागावुलिन 8 किंवा पाच वर्षांची आर्डबेग वी बीस्टी अधिक समाधान देईल. गोव्यातील कुंकळ्ळी येथे तयार होणाऱ्या पॉल जॉनच्या पीटेड माल्टला स्कॉटलंडच्या वयोमानाचे माप लावणे तर अन्यायाचेच आहे: तेथील उष्ण हवेत पिंपातून दरवर्षी सुमारे 8 टक्के मद्य उडून जाते, स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास असते.

आता पाण्याविषयी. ‘चांगल्या व्हिस्कीत पाणी घालू नये’ असे ठामपणे सांगणारे बरेच भेटतात आणि त्यांचे ऐकून 57 टक्क्यांची व्हिस्की तशीच पिणाऱ्याला केवळ जळजळ जाणवते. स्वीडनमधील कार्लसन आणि फ्रीडमन या संशोधकांनी 2017 साली संगणकीय प्रतिकृतीच्या आधारे दाखवले, की अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असताना धुराचा गंध देणारा ग्वायकॉल हा घटक द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो, तर 59 टक्क्यांच्या वर तो अल्कोहोलच्या रेणूंनी वेढला जाऊन आत ओढला जातो. म्हणून थोडे थोडे पाणी घालावे आणि प्रत्येक वेळी वास घेऊन पाहावे. पाणी कोणते, याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि फिनॉल एकत्र आले की क्लोरोफिनॉल तयार होऊ शकतात, ज्यांचा उग्र औषधी वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. उकळून गार केलेले किंवा क्लोरीनचा वास नसलेले बाटलीबंद पाणी वापरावे. पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित गढूळ झाली तर घाबरू नये. आर्डबेग 10 सारख्या, थंड करून न गाळलेल्या 46 टक्क्यांच्या व्हिस्कीत असे होतेच, कारण त्यातील तेलकट घटक विरघळलेले राहत नाहीत. बर्फ मात्र गंध दाबून टाकतो.

अनेक माल्ट चाखायच्या असतील तर पीटेड शेवटी ठेवावी, कारण तिच्यानंतर नाजूक व्हिस्की पाण्यासारखी लागते. खोलीत उदबत्ती किंवा मच्छर अगरबत्ती जळत असताना आणि लसणाच्या चटणीने जीभ भाजलेली असताना धुराच्या छटा ओळखण्याची अपेक्षा करू नये. ग्लास तोंडाशी निमुळता असावा, आणि नाक एकदम आत न खुपसता तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा.

साठवणुकीतील दोन चुका आपल्या हवामानात महागात पडतात. वाइनप्रमाणे बाटली आडवी ठेवल्यास तीव्र अल्कोहोलमुळे बूच खराब होते, म्हणून ती उभीच आणि उन्हापासून, शेगडीच्या उष्णतेपासून दूर, बंद कपाटात ठेवावी. दुसरी चूक म्हणजे उरलेली पाव बाटली खास प्रसंगासाठी महिनोन्‌महिने राखून ठेवणे. रिकाम्या जागेतील हवेमुळे सर्वांत आधी धूरच फिका पडतो, त्यामुळे बाटली अर्ध्याखाली गेली की उरलेली व्हिस्की घट्ट झाकणाच्या लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावी, किंवा मित्रांना बोलावून ती त्याच महिन्यात संपवावी.