‘टिरनी’ घ्यायच्या आधी परीक्षणं कशी वाचायची

सोलापुरात नवी पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळं कुठला गेम घ्यावा, हेही पोरं मलाच विचारतात. ‘टिरनी’चं नाव निघालं की मी आधी आकडा विसरायला लावतो. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर पीसीसाठी 80च्या आसपास गुण आहेत. पण त्या 80मध्ये भरघोस कौतुक आणि ठाम तक्रारी एकत्र कालवल्यात. त्यातलं आपल्या कामाचं काय, ते मजकुरातच शोधावं लागतं.

गेम ऑब्सिडियन कंपनीनं बनवलेला, पॅराडॉक्स कंपनीनं नोव्हेंबर 2016मध्ये बाजारात आणलेला. गेममधल्या कायरॉस नावाच्या सत्ताधीशानं जवळजवळ सगळं जग जिंकलंय आणि तुम्ही त्याच्याच राजवटीचे न्यायाधिकारी, म्हणजे फेटबाइंडर.

परीक्षण उघडलं की पहिलं बघा, लिहिणारा कुणाच्या बाजूनं खेळला? शिस्तीची डिसफेव्हर्ड फौज, स्कार्लेट कोरसची झुंड, बंडखोर की कुणाचंच न ऐकता एकटा? वाट बदलली की प्रसंग बदलतात, शत्रू बदलतात. एकदाच खेळून लिहिलेल्यानं एकच वाट पाहिलेली असते, त्याच्या शब्दाला तेवढंच वजन द्या.

मग बघा, दुष्टपणाबद्दल तो काय म्हणतो. समीक्षकांनी सगळ्यात जास्त उचलून धरलं ते हेच. इथं वरून आलेला हुकूम वाचून दाखवणं हेच मुख्य काम. सुरुवातीलाच तुमच्या हातात फर्मान असतं: आठ दिवसांत असेन्शन हॉल ताब्यात घ्या, नाहीतर खोऱ्यातले सगळे मरतील. सगळ्यांत तुम्हीही आलात! नुसती कापाकापी करायला बसलेल्याला हे मिळमिळीत वाटेल, त्यानं दुसरं काहीतरी घ्यावं.

सोलापूरकराला हे फोड करून सांगायला नको. 1930च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी झाली. त्या निकालाचे कागद कुणीतरी तयार केले, कुणीतरी वाचून दाखवले. गेम तुम्हाला नेमक्या त्या खुर्चीत बसवतो. परदेशी समीक्षक ‘वेगळा अनुभव’ म्हणून पुढं जातात. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज गाडी घालणाऱ्याला तो अनुभव जरा जास्तच टोचतो. मला तरी टोचला, आणि गेम आवडला तो त्यामुळंच.

तक्रारी मुख्यतः तीन. शेवट अचानक येतो, पुढचा भाग कापून ठेवल्यासारखा. ही रास्त आहे, कुठल्याही वाटेनं गेलात तरी जाणवतं. लांबी कमी, ही तक्रार मात्र मी मनावर घेत नाही. 20-25 तासांचा गेम दुकान सांभाळून संपतो तरी. तिसरी तक्रार लढाईची. मध्येच थांबवून हुकूम सोडायचे, चौघांची टोळी, आणि नंतर नंतर तेच ते. पण मंत्र स्वतः जुळवायची सोय झकास आहे, आणि एखाद्या परीक्षणात तिचा उल्लेखही नसेल तर लिहिणारा तलवारच चालवत बसला असावा.

पात्रांबद्दल चार ओळी कुणी लिहिल्या असतील तर त्या सोडू नका. बारिक नावाचा सोबती आहे. कायरॉसच्या वादळात त्याचं चिलखत अंगालाच चिकटून बसलंय, काढता येत नाही, आणि तरीही तो फौजेशी इमान सोडत नाही. अख्खा गेम त्या एका माणसात दिसतो.

वाचन भरपूर आहे, इंग्रजीत. रंगीत शब्दावर माउस नेला की अर्थ आणि इतिहास उघडतो, म्हणून निभतं. वाचायचाच कंटाळा असेल तर 80 काय अन् 95 काय.

एवढं करूनही ठरत नसेल तर स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून घ्या. 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. फक्त पात्र बनवण्यात आणि ‘काँक्वेस्ट’ या सुरुवातीच्या भागातल्या प्रश्नोत्तरांत तास घालवू नका, पहिली लढाई आणि फर्मान त्या दोन तासांत बघून घ्या. ‘बास्टर्ड्स वूंड’ हा 2017चा जोडभाग आत्ता मुळीच नको, मूळ गेम एकदा संपवल्यावर बघू.